एमएस्सी सोडून कथा लिहू का? (वाचकांची पत्रं, ताईंची उत्तरं)

प्रश्न : ताई नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली, सध्या अमरावतीला हॉस्टेलवर राहून एमएस्सी बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी चार एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. माझ्या अ‍ॅडमिशनच्या वेळी बाबांनी बैलजोडी विकली, ते कधी बोलून दाखवत नाहीत पण गोठा रिकामा दिसतो नं. माझा प्रोजेक्ट कपाशीच्या परागकणांवर आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरभर सकाळी फुलं आणायची, स्लाइडवर कार्मिनचा लाल रंग टाकायचा, लाल झालेले कण मोजायचे, फिक्के राहिलेले मोजायचे, अन् मोजता मोजता डोक्यात गोष्ट सुरू व्हायची, आकडा विसरायचा, परत पहिल्यापासून. रेकॉर्ड बुकाच्या मागच्या पानांवर मी १४ कथा लिहिल्यात, एक पेपरच्या पुरवणीत छापून आली. प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा एकदा दिली, थोडक्यात गेली. गाईड सर म्हणतात पीएचडीला थांब. आता चौथं सेमिस्टर सुरू झालं अन् मला वाटून राह्यलं की हे सगळं सोडावं, पुण्याला जाऊन काहीतरी छोटी नोकरी करावी अन् लिहावं. घरी अजून सांगितलं नाही. काकांनी स्थळं आणणं सुरू केलं ते वेगळंच. अकरावीपासून सायन्समध्ये घातलेली सात वर्षं वाया गेली का ताई? सोबत एक कथा पाठवते, वाचून खरं सांगा, मी लेखक होऊ शकते का?
– एक वाचक, जि. यवतमाळ (नाव छापू नका ही विनंती)

उत्तर : पोरी, पत्र दोनदा वाचलं अन् कथा तीनदा, म्हणून आधी कथेबद्दलच बोलते, बाकी सगळं त्यातूनच निघतं.

तुझ्या कथेत ती मुलगी संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर उभी आहे, घरात आईबापाचं भांडण झालेलं, किती दिवस झाले घरात कोणी बोललं नाही हे तिला आठवत नाही. मग तिला कपाशीच्या एकाच झाडावर दोन फुलं दिसतात, एक पांढरं अन् एक गुलाबी. पांढरं आज सकाळी उमललेलं, गुलाबी कालचं. भांडण झालं तेव्हा कालचं फूल पांढरं होतं, म्हणजे मधे एकच रात्र गेली, तिला मात्र महिना झाल्यासारखं वाटून राह्यलं. ही चार ओळींची जागा वाचून मी पत्र खाली ठेवलं अन् जरा वेळ तशीच बसले. मी कापसाच्या घरात वाढलेली बाई, कपाशीचं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं हे मी लहानपणापासून पाहिलंय, पण त्या फुलाकडं पाहून दिवस मोजता येतो हे मला कधी सुचलं नाही. तुला सुचलं कारण तू दोन महिने रोज सकाळी ती फुलं तोडून आणत होतीस, आजचं कोणतं अन् कालचं कोणतं हे तुला चुकून चालणार नव्हतं. आता तूच सांग, सात वर्षं वाया गेली का?

आता जे जमलं नाही ते. शेवटच्या दोन पानांत आई एकदम भाषण द्यायला लागते, मुलीला बक्षीस मिळतं, साहेब गाडीतून येतात, हे सगळं काढून टाक. कथा त्या दोन फुलांपाशीच संपली होती, पुढचं तू घाबरून लिहिलंस, वाचणाऱ्याला समजलं नाही तर काय म्हणून. अन् दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. कथेतली आई म्हणते, "मला बरं वाटत नाहीये गं." दारव्हा तालुक्यातली, दिवसभर कापूस वेचून आलेली बाई असं बोलते? तुझी आई असं बोलते? ती म्हणत असंल, "मले बरं नाई लागून राह्यलं बाई आज." तू पत्रात मला "वाटून राह्यलं" असं सहज लिहितेस अन् कथेत शिरली की तुझी भाषा इस्त्री करून येते. हे का होतं ते मला माहीत आहे, शाळेत आपल्याला "मले-तुले" बोललं की हसायचे, निबंधात लाल रेघ यायची, कॉलेजात गेल्यावर आपण आपोआप सावध झालो, मी पण झाले होते. पण उद्धव शेळक्यांची 'धग' कादंबरी १९६० साली आली अन् त्यातली माणसं वऱ्हाडीतच बोलतात, म्हणजे हा रस्ता कधीचा मोकळा आहे, नवा काढायची गरज नाही. अन् मागं जायचं तर किती मागं, ज्याला मराठीतला पहिला गद्य ग्रंथ मानतात ते लीळाचरित्र तेराव्या शतकात आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला लिहिलं गेलं. म्हाइंभटांनी ते कसं केलं माहीत आहे का, ज्यांनी महानुभाव पंथाच्या चक्रधर स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं अशा माणसांकडं जाऊन जाऊन आठवणी गोळा केल्या, कोणी काय सांगितलं ते ताडून पाहिलं अन् मग बोलण्यासारख्या सोप्या वाक्यांत लिहिलं. तुझ्या प्रोजेक्टमध्ये तू यापेक्षा वेगळं काय करतेस? आज त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालंय, हॉस्टेलवरून एखाद्या रविवारी जाऊन ये, फार लांब नाही.

तर हे झालं कथेचं. आता सोडायचं का, यावर माझं मत स्पष्ट आहे, चौथं सेमिस्टर सोडू नको. चार-पाच महिन्यांचा प्रश्न आहे, फुलांचं काम झालेलं आहे, आता तक्ते भरायचे अन् प्रबंध लिहायचा एवढंच राह्यलं. अर्धी टाकलेली एमएस्सी कोणत्याच फॉर्मवर लिहिता येत नाही, पूर्ण झालेली जन्मभर लिहिता येते. बैलजोडीचा विषय तूच काढलास म्हणून बोलते, नाहीतर मी काढला नसता. बाबांनी विकलेल्या जोडीची परतफेड म्हणून डिग्री घे असं मी म्हणत नाही, ते ओझं डोक्यावर घेऊन कोणी लिहू शकत नाही. मी म्हणते ती डिग्री तुझ्या लिहिण्याला लागणार आहे म्हणून घे.

कारण पैशाचं गणित आहे अन् ते कोणी मोकळेपणानं सांगत नाही. मराठीत नव्या लेखकाच्या कथासंग्रहाची आवृत्ती हजार प्रतींची निघाली तर चांगलं समजायचं, बरेचदा पाचशेचीच असते. पुस्तकाची किंमत २०० रुपये धर, रॉयल्टी दहा टक्के धर, हजारच्या हजार प्रती खपल्या तर तुझ्या हातात २०,००० येतील, अन् त्या खपायला दोन-तीन वर्षं लागू शकतात. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे, तेव्हा एका पूर्ण पुस्तकाचे पैसे म्हणजे अडीच क्विंटलपेक्षा थोडा कमीच कापूस. तुमच्या चार एकरात किती होतो ते तुला माहीत आहे अन् त्यात घर कसं चालतं ते पण. हे मी तुला घाबरवायला सांगून नाही राह्यली. लिहिणं हे पोट भरायचं साधन धरलं तर तू वर्षभरात लिहिण्यावरच चिडशील, आज स्लाइडवर चिडतेस तशी, ते मला नको आहे.

पुण्याचं म्हणशील तर कॉट बेसिसची खोली, नऊ तासांची नोकरी, जाण्या-येण्याचे दोन तास, अन् रात्री लिहायला बसलीस की कशाबद्दल लिहिशील? ज्या गोष्टी तू सोडून आलीस त्याबद्दलच. पुण्यात जायला माझी ना नाही, तिथं व्याख्यानं आहेत, प्रकाशक आहेत, चार लिहिणारी माणसं भेटतात. पण डिग्री हातात घेऊन, तुझ्या विषयाच्या नोकरीसाठी गेलीस तर ते जाणं वेगळं अन् सगळं अर्धवट टाकून गेलीस तर ते वेगळं.

मग काय कर? तालुक्याच्या ठिकाणी सुद्धा आता मेडिकलच्या नीट परीक्षेचे क्लासेस निघालेत, बायोलॉजी चांगलं शिकवणारं माणूस त्यांना मिळत नाही, तासावर पैसे देतात. बियाणे कंपन्यांच्या लॅब आहेत. बीएड केलंस तर ज्युनिअर कॉलेजचा रस्ता आहे, त्यात वाट फार पाहावी लागते हे आधीच सांगते. मी स्वतः झूऑलॉजीची एमएस्सी. एका संस्थेत पर्मनंट करतो म्हणून तासिकेवर घेतलं अन् तिसऱ्या वर्षी आकडा सांगितला, तेवढे पैसे माझ्या वडिलांनी जन्मात एकत्र पाहिले नव्हते. सोडली ती जागा. त्या वर्षी मी फार रडले, दुसरी जागा मिळायला दीड वर्ष गेलं. पण त्या दीड वर्षात घरी शिकवण्या घेत घेत मी रोज पहाटे एक पान लिहायची सवय लावली अन् ती सवय पुढं नोकरी लागल्यावरही सुटली नाही, आज चोवीस वर्षं झाली.

पीएचडीबद्दल मात्र माझं मत तुझ्या सरांपेक्षा वेगळं आहे अन् सरांचा मान ठेवूनच सांगते. तुझ्या पत्रात पीएचडीबद्दल एकच वाक्य आहे, ते पण सरांचं. तुला परागकणांबद्दल अजून काय जाणून घ्यायचंय यावर एक शब्द नाही. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० मिळतात अन् त्यात निवांत लिहिता येईल असा विचार बरेच जण करतात, मी पण केला होता. पण पीएचडी म्हणजे पाच वर्षं एकाच प्रश्नाला डोकं देणं, ज्याला तो प्रश्न रात्री झोपू देत नाही त्यानंच करावी. तुला झोपू देत नाहीत त्या कथा. तर सरांना परीक्षेच्या आधीच जाऊन सांग, सर मी थांबणार नाही, म्हणजे ती जागा दुसऱ्या कोणाला देता येईल त्यांना. हे सांगायला जड जाईल, तरी सांग. सायन्समधली ही एक वाट सोडलीस म्हणजे सायन्स सोडलं असं होत नाही.

इथं मला दोन माणसं आठवतात. जयंत नारळीकर १९७४ साली मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत प्रोफेसर होते, जगात नाव झालेलं, अन् मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी पहिली कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे नावाकडं पाहून कोणी नंबर देऊ नये. पहिलं बक्षीस मिळालं. पुढं आयुष्यभर आकाशातलं गणित पण केलं अन् कथा पण लिहिल्या, २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. दुसरे मारुती चितमपल्ली, ते तर आपल्याकडचेच म्हणायचे, जन्म सोलापूरचा पण वनखात्यातली बरीच नोकरी नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशी विदर्भात केली. रिटायर होईपर्यंत नोकरी केली अन् जंगलातले आदिवासी लोक पक्ष्याला काय म्हणतात, झाडाला काय म्हणतात ते टिपत राह्यले, जिथं मराठीत शब्दच नव्हता तिथं घडवला, कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार. किती गोड शब्द आहेत बघ. ते पण २००६ ला सोलापूरच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. दोघंही २०२५ मध्ये महिन्याभराच्या अंतरानं गेले, मला त्या दिवसांत घरातलं माणूस गेल्यासारखं झालं होतं.

तुझ्याकडे पण शब्दांचा असाच साठा आहे अन् तुला त्याची किंमत कळून नाही राह्यली. बोंडअळी फुलात शिरली की पाकळ्या उघडतच नाहीत, आतल्या आत गुंडाळून राहतात, त्याला आपण डोमकळी म्हणतो. तुझ्या पुस्तकात त्याला रोझेट फ्लॉवर म्हणत असतील. ज्या लेखकाला दोन्ही शब्द माहीत आहेत अन् ज्यानं ती कळी ब्लेडनं उघडून आतली अळी पाहिली आहे असे लेखक मराठीत किती असतील? सीतादहीच्या दिवशी पहिला कापूस वेचायच्या आधी तुझी आई शेतात दही-भात ठेवून काय पुटपुटते ते कधी नीट ऐकलंस का? यंदा ऐक अन् तिच्याच शब्दांत वहीत उतरव, तारीख टाकून, जसं लॅबमध्ये टाकतेस तसं. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं आपल्याकडं जे केलं ते तू शाळेत असताना घरात पाहिलं असशील, फवारणीतून विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात माणसं गेली ते पण त्याच वर्षी. त्यावर बातम्या आल्या, अहवाल आले. पण त्या वर्षी घरात संध्याकाळी काय बोललं जायचं हे लिहायला जे माणूस पाहिजे ते तुझ्यासारखं, अळी पण ओळखणारं अन् ते घर पण ओळखणारं.

घरी सांगायचं कसं? "मी सायन्स सोडते" हे वाक्य बोलूच नको, कारण ते खरं पण नाही. बाबांना एवढं सांग की एमएस्सी पूर्ण करते, पीएचडी करत नाही, नोकरी पाहते अन् मी लिहिते. मग ती छापून आलेली कथा त्यांना वाचून दाखव. त्यांच्या हातात कात्रण देऊन निघून जाऊ नको, शेजारी बसून मोठ्यानं वाच. माझी पहिली कथा एका मासिकात आली तेव्हा १५० रुपयांची मनिऑर्डर आली होती. वडील म्हणाले, "लिवलं त्याचे पैसे देतेत?" अन् बस, पुढं काहीच नाही. मला वाटलं त्यांना पसंत नाही. ते गेल्यावर कागदपत्रं काढली तेव्हा सातबाऱ्याच्या घडीत ती मनिऑर्डरची पावती सापडली, घडीवर घडी पडून फाटायला आलेली. तुझे बाबा पण बोलतील कमी, तेवढ्यावरून काही ठरवू नको.

स्थळांचं मला एवढंच सांगायचंय की परीक्षा होईपर्यंत एकही कार्यक्रम होऊ देऊ नको, आईला मधे घे, काकांशी तू स्वतः भांडू नको. अन् पुढं जो कोणी येईल त्याला पहिल्याच भेटीत सांग की मी पहाटे लिहिते, ते मी बंद करणार नाही.

थोडं कामाचं. दिवाळी अंकवाले साहित्य पावसाळ्यातच मागवतात, म्हणजे परीक्षा संपली की जून-जुलैत पाठव, युनिकोडमध्ये टाइप करून, एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी. उत्तर नाही आलं तर तीन महिन्यांनी दुसरीकडं. १४ मधल्या चारच निवड, बाकीच्या राहू दे, त्यातल्या काही तुला दोन वर्षांनी स्वतःलाच नको वाटतील. विज्ञान परिषद अजून कथास्पर्धा घेत असते, त्यावर लक्ष ठेव. संग्रहाएवढ्या कथा झाल्या की राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, त्यात अर्ज कर. स्वतःचे पैसे घालून पुस्तक काढू नको, कोणी कितीही गोड बोललं तरी, अन् बाबांच्या पैशानं तर मुळीच नाही.

लेखक होऊ शकते का, हे तू विचारलंस. एका कथेवरून मी नाही सांगू शकत अन् जो सांगेल त्यावर तू विश्वास ठेवू नको. पण १४ कथा तू कोणी मागितल्या नसताना लिहिल्यास, परीक्षेच्या अभ्यासातून वेळ चोरून, रेकॉर्ड बुकात. त्या दोन फुलांची कथा दुरुस्त करून, आईला तिच्या भाषेत बोलायला लावून, मला परत पाठव. मी वाट पाहते.

प्रश्न : ताई, माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे, मार्कं बरे आहेत पण दिवसभर कविता लिहितो, म्हणतो मला आर्ट्सला टाका. त्याचे वडील ऐकत नाहीत, घरात रोज कटकट. काय करावं?
– एक आई, जि. वाशीम

उत्तर : बारावी सायन्स करू द्या. सायन्सवरून पुढं बीएला मराठीसाठी जाता येतं, आर्ट्स घेऊन बीएस्सीला सहसा जाता येत नाही, त्यामुळं दीड वर्ष थांबल्यानं त्याचं काहीच बंद होत नाही, हे त्याला असंच समजावून सांगा, धमकी म्हणून नको. त्याच्या वडिलांनाही हेच सांगा, की निर्णय बारावीनंतर, तोवर कोणी विषय काढायचा नाही. मात्र या दीड वर्षात कवितेची वही लपवून ठेवायची पाळी त्याच्यावर येऊ देऊ नका. फिजिक्स जड जात असंल तर त्याची शिकवणी लावा अन् जवळच्या वाचनालयाची मेंबरशिप पण लावा, दोन्ही एकाच दिवशी. कविता कुठं पाठवायच्या असं त्यानं विचारलं तर पोस्टाची पाकिटं आणून द्या, अन् तो दाखवत नाही तोवर वही मागू नका.